‘राजकारण नको’ म्हणून हा विषय बाजूला ठेवू नका: अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकी लष्कराचं एक मालवाहू विमान अमृतसरला उतरलं. त्यात हद्दपार केलेले 104 भारतीय होते. हातांत बेड्या, पायांत साखळ्या. बहुतेक जण हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे. तिघे महाराष्ट्रातले होते. ती बातमी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली तेव्हा एकीने ‘फार वाईट वाटलं’ असं लिहिलं, एकाने ‘बेकायदा गेलं की हेच होणार’ असं लिहिलं, आणि अर्ध्या तासात शिवजयंतीच्या हॉलची चर्चा पुन्हा सुरू झाली. मीही काही लिहिलं नाही. त्या तिघांचं गाव कोणतं, घरी कोण आहे, इथे कोणासमोर उभे राहिले, कोणी त्यांचं म्हणणं ऐकून तरी घेतलं का, यातलं काहीही मी विचारलं नाही. ते मला अजून टोचतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी आमच्या कार्यकारिणीला सुचवलं की इमिग्रेशनच्या एखाद्या वकिलांना बोलावून दोन तासांचं माहितीसत्र घेऊया. झटपट हद्दपारीचे नियम बदलताहेत, लोक घाबरले आहेत, निदान खरं काय ते कळेल. उत्तर आलं, ‘राजकारण नको.’ मागाहून एका पदाधिकाऱ्यांनी फोन करून समजावलं, की मंडळाची करसवलत जाईल आणि उगाच आपल्यावर नजर पडेल. इतर राज्यांतल्या दोन मैत्रिणींनी त्यांच्या मंडळांत विचारलं, त्यांनाही जवळजवळ हेच ऐकायला मिळालं. म्हणून हे पत्र एका मंडळाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे.

आधी माझी बाजू स्पष्ट सांगते, म्हणजे गैरसमज नको. कोणत्याही देशाला आपल्या हद्दीत कोणी राहावं हे ठरवायचा अधिकार आहे, आणि ज्याला इथे राहायचा हक्क नाही त्याला परत पाठवायचाही आहे. माझा आक्षेप त्यावर नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की माणसाला देशाबाहेर काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेणारा कोणीतरी हवा, आणि तो काढणाऱ्याहून वेगळा हवा. झटपट हद्दपारीत नेमका तोच नसतो.

इथे याला ‘एक्स्पीडायटेड रिमूव्हल’ म्हणतात. 1996 साली संसदेने केलेल्या इमिग्रेशन कायद्यातून ही तरतूद आली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 30 सप्टेंबर 1996 ला त्यावर सही केली आणि 1 एप्रिल 1997 पासून ती लागू झाली. म्हणजे हे एका पक्षाचं पाप नाही, हेही ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. तरतूद अशी की परदेशी माणसाकडे वैध कागदपत्रं नाहीत किंवा त्याने फसवून प्रवेश मिळवायचा प्रयत्न केला असं इमिग्रेशन अधिकाऱ्याला वाटलं, तर तो अधिकारीच हद्दपारीचा हुकूम काढू शकतो. न्यायाधीश नाही, अपील नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याची संमती लागते, पण तोही त्याच खात्याचा. प्रश्न विचारणारा, जबाब लिहून घेणारा, आरोप ठरवणारा आणि निकाल देणारा सगळे एकाच टेबलामागे. हुकूम निघाला की पहिल्या खेपेला साधारण पाच वर्षं या देशाचं दार बंद.

सुटकेची एक खिडकी आहे. मायदेशी परत जायची भीती वाटते असं त्या माणसाने सांगितलं, तर आश्रय अधिकाऱ्याशी मुलाखत होते, आणि तिथे नकार मिळाला तर इमिग्रेशन न्यायाधीश सात दिवसांच्या आत तो तपासतात. कागदावर हे चांगलं आहे. पण भीतीबद्दलचे ठरलेले प्रश्न अधिकाऱ्याने खरोखर विचारले आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं, तरच ती खिडकी उघडते. संसदेनेच नेमलेल्या आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य आयोगाने 2005 साली विमानतळांवर आणि सीमेवर माणसं बसवून हे पाहिलं. परत जायची भीती आहे असं तोंडाने सांगणाऱ्यांपैकी जवळपास 15 टक्के लोकांना त्या मुलाखतीसाठी पाठवलंच गेलं नव्हतं. आणि हे आयोगाचे निरीक्षक समोर बसलेले असताना.

सुरुवातीला ही तरतूद फक्त विमानतळ, बंदरं आणि सीमेवरच्या चौक्यांपुरती होती. 2002 मध्ये समुद्रमार्गे येणाऱ्यांना लागू झाली. 2004 मध्ये जमिनीवरच्या सीमेपासून 100 मैलांच्या आत आणि आल्यापासून 14 दिवसांत सापडलेल्यांना. प्रत्येक वेळी पट्टा थोडा रुंद झाला, आणि प्रत्येक वेळी संसदेत नव्याने मतदान व्हायची गरज पडली नाही. कारण 1996 च्या कायद्यातच लिहून ठेवलं आहे, की ही पद्धत देशभर, दोन वर्षांपेक्षा कमी काळ इथे असलेल्या आणि तपासणीशिवाय आत आलेल्या कोणालाही लावायची की नाही, हे सरकारने एकट्याने ठरवावं. जुलै 2019 मध्ये पहिल्यांदा ते टोक गाठलं गेलं. न्यायालयाने अडवलं, मग वरच्या न्यायालयाने ती मनाई उठवली, 2022 मध्ये नव्या सरकारने तो निर्णयच मागे घेतला. 21 जानेवारी 2025 ला तो पुन्हा लागू झाला. 29 ऑगस्ट 2025 ला वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायाधीश जिया कॉब यांनी त्याला स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये अपील न्यायालयाने ती स्थगिती उठवायला बऱ्याच अंशी नकार दिला. ही आवकजावक मी मुद्दाम सविस्तर सांगितली. एका आदेशाने पसरतं, दुसऱ्याने आकसतं, तिसऱ्याने पुन्हा पसरतं. लाखो माणसांचं घर, नोकरी, मुलांची शाळा कोणत्या आठवड्यात कोणता आदेश चालू आहे यावर टांगलेली. मूळ कायदा बदलत नाही तोवर न्यायालयाची स्थगिती हा तात्पुरता टेकू आहे.

देशभर लागू झाल्यावर याचा अर्थ काय होतो? रस्त्यात, कामावर, गाडीत अधिकाऱ्याने अडवलं तर आपण दोन वर्षांहून जास्त काळ सलग इथे आहोत हे त्या माणसानेच दाखवायचं, तेही त्या अधिकाऱ्याचं समाधान होईल असं. सरकारने काही सिद्ध करायचं नाही. आता मला सांगा, आपल्यापैकी किती जण दोन वर्षांपूर्वीचा घरभाड्याचा करार खिशात घेऊन फिरतात? कागद घरी असतो, घरी फोन करायची मुभा असेलच असं नाही, वकील गाठायला वेळ नाही. सावकाश चाललेल्या खटल्यात हा माणूस पुढच्या तारखेला कागद आणून दाखवील आणि सुटेल. झटपट पद्धतीत त्याला पुढची तारीखच नसते.

2025 च्या मे महिन्याच्या अखेरीपासून इमिग्रेशन न्यायालयांच्या आवारात जे घडू लागलं ते पाहून तर मला झोप लागली नाही. आश्रयाचा अर्ज केलेला माणूस ठरल्या तारखेला न्यायालयात हजर होतो. कायद्याने सांगितलं तसंच वागतो. सरकारी वकील उठून सांगतात, की हा खटला आम्ही काढून घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सुटलो. तो दाराबाहेर येतो आणि बाहेर उभे असलेले अधिकारी त्याला पकडतात, कारण न्यायाधीशांपुढचा खटला संपला की त्याला झटपट रांगेत टाकता येतं. त्यातले कित्येक जण सरकारनेच दिलेल्या तात्पुरत्या परवानगीवर, सरकारच्याच फोन ॲपवर वेळ घेऊन, राजमार्गाने दारातून आत आले होते. परवानगी मागाहून रद्द झाली. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांबाबतीत न्यायाधीश कॉब यांनीच 1 ऑगस्ट 2025 ला वेगळा मनाईहुकूम दिला, तो याच कारणासाठी. जो न्यायालयात वेळेवर येतो तोच सापळ्यात सापडत असेल, तर पुढच्या तारखेला कोण येईल? कायदा पाळायला लावायचाय म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं.

‘पण आपला याच्याशी काय संबंध? आपण एच-वन-बी, एफ-वन, ग्रीन कार्डवाले.’ म्हणजे नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावरचे, नाहीतर कायमच्या रहिवासाचा परवाना असलेले. हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तर जरा थांबून देते.

कायद्याचं म्हणाल तर हे अर्धं खरं आहे. व्हिसावर रीतसर तपासणी होऊन आत आलेल्या माणसाला देशाच्या आत ही झटपट पद्धत लावता येत नाही. उगाच घाबरवायचं मला नाही. पण विमानतळावर तीच तरतूद आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर असते. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले सोडले तर व्हिसाचा शिक्का असलेला प्रत्येक जण त्या काउंटरवर तिच्या कक्षेत येतो. अधिकाऱ्याला वाटलं की तुमचा खरा हेतू व्हिसात लिहिलेला नाही, तर तो व्हिसा तिथेच रद्द आणि हुकूम तिथेच तयार. ऑगस्ट 2023 मध्ये एकाच दिवशी वेगवेगळ्या विमानतळांवरून एकवीसेक भारतीय विद्यार्थ्यांना परत पाठवलं होतं. ती मुलं प्रवेश मिळवून, व्हिसा घेऊन आलेली होती.

आमच्या घरात हे 2018 मध्ये जवळजवळ घडलं. सासूबाई सहा महिन्यांसाठी येत होत्या. वय 67, इंग्रजी कामापुरतं, स्वभाव सरळ. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात. त्या म्हणाल्या, ‘नातवाला सांभाळायला.’ तेवढ्यावरून त्यांना आतल्या खोलीत नेलं. फोन काढून घेतला. आम्ही बाहेर फुलं घेऊन उभे, विमान उतरून दोन तास झाले, तीन झाले, कोणी काही सांगेना. आत त्यांना विचारत होते, की मुलगा-सून दोघं नोकरीला जातात का, मग दिवसभर मूल तुमच्याकडे असणार का, त्याचे पैसे मिळणार का. मराठीचा दुभाषा नव्हता. फोनवर हिंदी बोलणारा कोणीतरी जोडून दिला होता, त्याचं हिंदी यांना अर्धंच कळत होतं. ‘मुलगा देईल की सगळं’ असं त्या म्हणाल्या. त्यांना म्हणायचं होतं की खर्च मुलगा करणार आहे. जबाबात ते कामाचा मोबदला म्हणून गेलं. पर्यटक व्हिसावर काम करायला आलेली बाई, असा तो कागद तयार होत होता आणि तळाशी त्यांची सही हवी होती.

त्या वाचल्या त्या केवळ अधिकाऱ्यांची कामाची पाळी बदलली म्हणून. दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सावकाश विचारलं, हसून म्हणाल्या की आजीने नातवाला खेळवणं हे काम नव्हे, आणि शिक्का मारला. चार तासांनी सासूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. गाडीत बसल्यावर एकच वाक्य बोलल्या, ‘अगं, नातवाला सांभाळायला आले, एवढंच तर म्हणाले. त्यात खोटं काय बोलले मी?’ पुढे एका वकिलांनी सांगितलं, की त्या कागदावर सही झाली असती आणि हुकूम निघाला असता, तर पाच वर्षं त्यांना इथे येता आलं नसतं आणि तो हुकूम फिरवायला आम्हाला कोणतंही न्यायालय मिळालं नसतं. अशा हुकमाविरुद्ध न्यायालयात विचारता येण्यासारखे प्रश्न तीनच असतात: ही व्यक्ती परदेशी आहे का, हुकूम याच तरतुदीखाली निघाला आहे का, आणि तिला ग्रीन कार्ड किंवा आश्रय आधीच मिळालेला आहे का. हुकूम बरोबर होता की चूक, हा प्रश्न त्यात नाही.

एका चांगल्या बाईच्या पाळीवर आमचं नशीब टिकलं. सीमेवर पोराला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ती दुसरी पाळी मिळेल याची काय खात्री? तिची भाषा मायन असेल, तमिळ असेल, पुलार असेल. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर श्रीलंकेतल्या एका तमिळ शेतकऱ्याचं प्रकरण होतं. तो सीमेच्या आत जेमतेम 25 यार्डांवर पकडला गेला. आपल्याला पळवून नेऊन मारहाण झाली, हे त्याने सांगितलं, अधिकाऱ्याने ते खरंही मानलं, पण कोणी मारलं आणि का, हे त्याला नीट सांगता आलं नाही. श्रीलंकेत गाडीत घालून तमिळांना उचलून नेण्याच्या घटना ज्याला ठाऊक आहेत, अशा माणसाला पुढचे दोन प्रश्न आपसूक सुचले असते. न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी सांगितलं, की इतक्यात आत आलेल्याला संसदेने कायद्यात दिली आहे तेवढीच प्रक्रिया मिळेल. म्हणजे गाडी फिरून पुन्हा संसदेपाशीच येते. न्यायालयाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

कागद असलेल्यांनाही घाईची झळ कशी लागते, ते एप्रिल 2025 मध्ये आपल्याच घरांनी पाहिलं. हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी प्रणालीतून एका फटक्यात रद्द झाल्या. त्यात भारतीय मुलं मोठ्या संख्येने होती. पोलिसांच्या माहितीकोशात नाव जुळलं की नोंद गेली. कोणाचं वाहतूक नियमभंगाचं जुनं प्रकरण, कोणाचा खटला कधीच निकालात निघालेला. कोणाला नोटीस नाही, कोणाला विचारलं नाही. मुलं न्यायालयांत गेली, एकामागून एक न्यायाधीशांनी सरकारला थांबवलं, आणि 25 एप्रिलला सरकारने त्या नोंदी परत देत असल्याचं न्यायालयात सांगितलं. ती मुलं वाचली कारण त्यांना न्यायालयाची पायरी चढता आली. कायदा वेगळा होता, चूक तीच होती: आधी कारवाई, विचारणं नंतर. त्या वेळी आपल्यापैकी कोणी म्हणालं नाही की ‘प्रक्रियेचं एवढं काय घेऊन बसलात’. आपल्या मुलांसाठी आपल्याला प्रक्रिया हवी होती.

आता ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल. हा मुद्दा मी हलका मानत नाही, कारण त्या रांगेत मी आणि माझा नवरा अकरा वर्षं उभे होतो. नोकरी बदलता येत नाही, वडील गेले तेव्हा व्हिसाचा शिक्का संपलेला म्हणून जाऊ की नको असा विचार करावा लागला, हे मी सोसलं आहे. ‘आम्ही एवढं सोसून आलो आणि हे कुंपण ओलांडून आले’ असं कोणी म्हणतं तेव्हा त्यामागचं दुःख मला कळतं. पण ती रांग कुंपण ओलांडणाऱ्यांनी लांबवलेली नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांमध्ये कोणत्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही, ही 1990 च्या कायद्यातली मर्यादा आहे, आणि भारतातून अर्ज खूप आहेत. ग्वाटेमालाच्या शेतमजुराला सुनावणीशिवाय विमानात बसवल्याने तुमची तारीख एका दिवसानेही पुढे सरकत नाही. उलट त्या मर्यादेविरुद्ध बोलायला आपल्याला इतर स्थलांतरितांची सोबत लागणार आहे, आणि त्यांच्या वेळी आपण दारं लावून बसलो होतो हे ते विसरणार नाहीत.

दुसरा मुद्दा, इमिग्रेशन न्यायालयांत 30 लाखांहून जास्त प्रकरणं पडून आहेत, म्हणून झटपट पद्धत हवी, असं सांगतात. पडून आहेत हे खरंच. वर्षानुवर्षं लटकत राहणं हाही अन्यायच आहे आणि काही जण त्या विलंबाचा फायदा घेतात, हेही खरं. मग न्यायाधीश वाढवा. 2025 मध्ये उलटं झालं. कामावरून काढलेले आणि सोडून गेलेले मिळून शंभराहून जास्त इमिग्रेशन न्यायाधीश कमी झाले. 4 जुलै 2025 च्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात माणसांना डांबून ठेवण्याच्या सोयीसाठी 45 अब्ज डॉलर ठेवले, आणि त्याच कायद्यात इमिग्रेशन न्यायाधीशांची संख्या 2028 नंतर 800 च्या वर जाणार नाही असं बंधन घातलं. कोठड्यांना पैसा आहे, ऐकून घेणाऱ्यांवर मात्र मर्यादा. यातून अनुशेष कमी करायचा हेतू मला तरी दिसत नाही.

या देशाच्या राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती ‘कोणत्याही व्यक्तीला’ म्हणते, ‘नागरिकाला’ म्हणत नाही. 1903 साली एका जपानी मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की देशात आलेल्या परकीयाला, मग तो बेकायदा आला असा आरोप असला तरी, बाजू मांडायची संधी न देता अधिकाऱ्याच्या मर्जीवर बाहेर काढता येणार नाही. त्या वेळी आशियाई लोकांना इथे किती मान होता ते आपल्याला ठाऊक आहे. तरीही एवढं मान्य झालं.

आणि आपल्या लोकांचं सांगते. सखाराम गणेश पंडित हे नाव आपल्या कोणत्याही स्मरणिकेत मी वाचलेलं नाही, वाचायला हवं होतं. लॉस एंजेलिसमधले वकील. 1914 साली अमेरिकेचे नागरिक झाले. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंड यांचे वकील पंडितच होते. त्या निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी त्या धक्क्याने 1928 मध्ये आत्महत्या केली. सरकार पंडितांच्याही मागे लागलं. ते लढले. त्यांनी दावा केला, की माझ्या नागरिकत्वाचा प्रश्न 1914 सालीच न्यायालयासमोर रीतसर सुनावणी होऊन निकालात निघाला आहे, तो आता उकरता येणार नाही. 1926 मध्ये अपील न्यायालयाने त्यांचं म्हणणं मानलं, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला, आणि इतर भारतीयांविरुद्धची अशी प्रकरणं त्यानंतर थंडावली. वंशाच्या मुद्द्यावर पंडित हरले होते. आपलं आणि इतरांचं नागरिकत्व त्यांनी वाचवलं ते प्रक्रियेच्या मुद्द्यावर: एकदा न्यायाधीशासमोर सुनावणी झाली आहे, या एका आधारावर.

आता मंडळांकडून मला काय हवं आहे ते सांगते.

करसवलतीची भीती आधी काढून टाका. आपली बरीच मंडळं 501(सी)(3), म्हणजे करसवलत असलेल्या सेवाभावी संस्थांच्या प्रकारातली आहेत. त्यांना कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही, हे पक्कं. पण कायद्याची माहिती द्यायला बंदी नाही, आणि एखाद्या विधेयकाबद्दल मर्यादित प्रमाणात मत मांडायलाही नाही. आपण आयकराची आणि मृत्युपत्राची सत्रं घेतोच. हे त्याच जातीचं सत्र आहे. आपल्या खजिनदारांना शंका असेल तर मंडळाच्या हिशेबनिसांना विचारून घ्या.

त्या सत्रात लोकांना साध्या गोष्टी कळाव्यात. आय-94 ची (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत, भाडेकरार, पगाराच्या आणि कराच्या पावत्या घरातल्या दुसऱ्या माणसाला चटकन सापडतील अशा ठेवाव्यात. 18 वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा कागद जवळ बाळगायचा हा जुनाच नियम आहे, पण एप्रिल 2025 पासून त्याची अंमलबजावणी कडक होते आहे. निदान एक फोन नंबर पाठ असावा. आपल्याला न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नये, आणि दुभाषा मराठीचाच मागावा. येणाऱ्या आई-वडिलांना हे निघण्याआधीच सांगून ठेवावं. आमच्या घरी ते कोणी सांगितलं नव्हतं.

दुभाष्यांचं काम तर मंडळांशिवाय कोणी करूच शकणार नाही. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, शनिवार-रविवार मराठी शाळा चालवणाऱ्या बायका आहेत, न्यायालयीन भाषेची थोडी तयारी करून घेतली तर उत्तम काम करतील असे किती जण आहेत. प्रत्येक मंडळाने अशा पाच-सहा जणांची यादी केली आणि जवळच्या मोफत कायदेसेवा देणाऱ्या संस्थांना दिली, तरी डांबलेल्या एखाद्या जळगावच्या किंवा नांदेडच्या मुलाला आपलं म्हणणं स्वतःच्या भाषेत मांडता येईल. त्या विमानातल्या तिघांना तसं कोणी मिळालं असतं तर निकाल बदलला असता का, हे मी सांगू शकत नाही. बोलता तरी आलं असतं.

आणि कायदा. आपल्यातले जे नागरिक आहेत त्यांच्यावर ही जबाबदारी जास्त आहे, कारण आपण मतदार आहोत आणि आपल्याला कोणी विमानात बसवणार नाही. प्रत्येकाचा एक प्रतिनिधी आणि दोन सिनेटर असतात. त्यांच्या कार्यालयात मतदारसंघातल्या माणसाचं पत्र मोजलं जातं. त्यांना मागायचं ते एवढंच, की 1996 च्या कायद्यातली ही मोकळी दोरी आखडा. झटपट पद्धत देशभर पसरवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारच्या एकट्याच्या मर्जीवर राहू नये. ती राहणारच असेल तर सीमेपुरती आणि थोड्या दिवसांपुरती राहावी, असं कायद्यात लिहिलं जावं. हुकूम निघण्याआधी घरी किंवा वकिलाला फोन करता यावा आणि मागितल्यास न्यायाधीशाने तो हुकूम तपासावा. ज्याचा आश्रयाचा अर्ज न्यायालयात आहे त्याचा खटला काढून घेऊन त्याला झटपट रांगेत ढकलता येऊ नये. आणि न्यायाधीशांच्या संख्येवरचं ते बंधन उठवावं. जे अजून व्हिसावर आहेत त्यांनी पत्र लिहावं असा आग्रह मी धरणार नाही. त्यांची भीती मला कळते, त्या भीतीत मी अकरा वर्षं काढली आहेत. त्यांच्या वाटचं आपण लिहूया.

आमच्या कार्यकारिणीला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, बाकीच्यांनीही ऐकावी. मी ज्या वकीलबाईंशी बोलले आहे त्या कोणताही मोबदला न घेता यायला तयार आहेत. शनिवारची दुपार त्यांना चालेल. हॉलचं भाडं आणि चहापाण्याचा खर्च मी देईन. पत्राचा मसुदा मराठीत आणि इंग्रजीत तयार आहे, ज्याला हवा त्याला पाठवते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या आणि तारीख तेवढी कळवा.

आपली,
न्यू जर्सीतल्या एका मंडळाची आजीव सदस्य